नारिंगी भोपळा कुणाचा

मुलगोत, जेजू बेट
१४ नोव्हेंबर

सेरिन पोरी,

वरचं गावाचं नाव आणि तारीख तुझ्या बापाने घातली. इथून पुढचं माझं. तो मान खाली घालून लिहितोय आणि मी शेजारी संत्री सोलतेय. तेव्हा कागदावर कुठे डाग दिसला तर रस समज, डोळ्यातलं पाणी समजू नकोस.

आजी फोन का घेत नाही म्हणून तू रुसतेस. अगं, शंख-शिंपल्यांसाठी जन्मभर बुड्या मारल्या, समुद्राने दोन्ही कान खाल्ले. फोनमध्ये तू बोलतेस आणि मला कढईत मासा तळल्यासारखं ऐकू येतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुझा बाप माझ्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडून वाचतो. मला कळतं, शेजारच्या कुत्र्यालाही कळतं.

आता कामाचं. आमचं शेकोटीघर तुला आठवतं ना? लहानपणी तिथे बसून भाजलेले शंख खायचीस. त्याचं छप्पर गेलं. पाण्यातून कुडकुडत आम्ही म्हाताऱ्या वर येतो, तर वारा आमच्या आधी आत येऊन बसलेला असतो. नवं बांधायचं म्हणून किती वर्षं झाली, 'सगळ्यांच्या खडका'वरचं एक शिंपलं कुणी घरी नेलं नाही. विकलं, पैसे साठवले आणि तुझ्या बापाकडे ठेवले. बाकीच्यांचे नवरे पितात, मुलं शहरात. दोंगचल तेवढा शिकलेला आणि शुद्धीत.

गेल्या वर्षी तो म्हणाला, बँकेत पैसा झोपतो, फोनमधल्या कॉइनमध्ये चालतो. आम्ही म्हटलं, चालू दे. आता म्हणतो, चालत चालत गेला! कुणीतरी फोनमधूनच उचलला, आणि ह्या कॉइनला नाव-गाव काही नसतं, म्हणून चोर सापडायचा नाही. 'ज्याला फोनमधलं कळतं अशा कुणाचं तरी काम,' एवढंच बोलला. आमच्यात फोनमधलं कळणारं माणूस एकच, बोराम.

तू तिला पाहिलेलं नाहीस. बुसानची. तिकडची नोकरी सोडून बुड्या मारायला शिकली आणि इथेच राहिली. आमची शिंपली फोनवर विकून द्यायची तीच. आता शेकोटीशी तिच्या शेजारी कुणी बसत नाही. पाण्यात तिला जोडीदारीण नाही. वसंतात वाऱ्याच्या म्हातारीची पूजा झाली की बैठक आहे. तिला आमच्या समुद्रातून कायमचं काढायचं, असं ठरल्यात जमा आहे.

तू सोलमध्ये दिवसभर हेच करतेस ना, लोकांच्या गेलेल्या कॉइनचा माग काढतेस? मग आमचाही काढ. चोर बोराम निघाली तर तिची बोचकी मी स्वतः बंदरावर नेऊन ठेवीन. आणि नसली तर... हे 'नसली तर' तुझ्या बापाने लिहून खोडलं. लिही रे दोंगचल, म्हातारी बहिरी आहे, आंधळी नाही. नसली तर आमच्या तोंडाला काय फासायचं, ते बैठकीच्या आधी कळव.

तुझी आजी


सोल
२६ नोव्हेंबर

आजी,

कागदावर खरंच डाग होता. चाटून पाहिला, संत्र्याचाच निघाला.

शोधते. पण बाबांनी सांगितलं ते अर्धंच खरं आहे. कॉइनला नाव नसतं, पण त्याचं पाऊल उमटतं.

तुमचे भोपळे घे. पूर्वी वाळक्या भोपळ्याला धरून तरंगायचात, आता तो थर्माकोलचा असतो, तरी तुम्ही म्हणता भोपळाच. सगळ्यांवर एकसारखं नारिंगी कापड. किनाऱ्यावरून बघणाऱ्या पाहुण्याला नुसते नारिंगी ठिपके दिसतात. पण तू एका नजरेत सांगतेस, ती यांगची म्हातारी, ती तिची सून. कारण कुणाची गाठ वेगळी, कुणाचं ठिगळ वेगळं. कॉइनचे पत्ते म्हणजे असेच भोपळे. नाव कुणावरच नसतं. पण कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर काय गेलं, हे सगळं उघड्यावर, कुणीही बघावं असं, आणि कधीच न पुसलं जाणारं. एकदा एका भोपळ्याचा धनी कळला की तो आजवर कुठे कुठे गेला होता ते सगळंच कळतं. लोकांना वाटतं, आपण पाण्याखाली आहोत, कोण बघतंय. पाण्याखाली माणूस असतो आजी. भोपळा वरच असतो.

शेकोटीघराचे पैसे ज्या पत्त्यावर होते, तो अक्षरं-आकड्यांचा लांबलचक पत्ता बाबांना लिहून पाठवायला सांग.

आणि तोवर बोरामशी नीट वाग. माग काढण्याआधी चोर ठरवायचा नसतो.

तुझी
सेरिन


मुलगोत
११ डिसेंबर

सेरिन,

तुझं पत्र वाचून तुझा बाप म्हणाला, 'हुशार आहे पोरगी,' आणि जेवायला उठलाच नाही. लेकीच्या कौतुकाने पोट भरत असेल तर तांदूळ वाचेल.

पत्ता खाली लिहिलाय. किती दिवस 'सापडत नाही, सापडत नाही' चाललं होतं. मी म्हटलं, विहिरीचं गार पाणी डोक्यावर ओतते, म्हणजे आठवेल. लगेच सापडला. लिहिताना मी बघत होते. काय तो साप! शेपटी वळवळत दुसऱ्या ओळीत गेली. ह्याला पत्ता म्हणता तुम्ही? आमच्याकडे पत्ता म्हणजे 'मोठ्या झाडाच्या बाजूला वळा, कुत्रं भुंकलं की तेच घर'.

बोरामशी नीट वाग म्हणतेस. ऐक मग. किमचीच्या दिवशी सगळ्या एका अंगणात कोबीला मसाला चोळत बसलो होतो. तिला कुणी बोलावलं नाही. मीही नाही. संध्याकाळी ती कुंपणाशी आली आणि म्हणाली, 'आजी, मिरची कमी पडली तर माझ्याकडे आहे.' ओठांवरून मला सगळं कळलं, पण मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिऱ्या बाईला ही एक सोय असते. कुणाला शंकाही येत नाही.

लवकर कळव.

आजी


सोल
२० फेब्रुवारी

आजी,

उशीर झाला. ऑफिसात काम फार होतं. नवीन वर्षाच्या सणालाही येता आलं नाही. तुझ्या हातचा भात-केकचा रस्सा चुकला.

माग काढला. पैसे शेकोटीघराच्या पत्त्यावरून एका दुसऱ्या पत्त्यावर गेले. तिथून एका कंपनीकडे, जी महिन्यात दुप्पट करून देतो म्हणायची. ती कंपनी रातोरात पसार झाली आहे. मधला तो एक पत्ता मला ओळखीचा निघाला.

बाबा, इथून पुढचं तुमच्यासाठी. आजीला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या साठीला मी आले होते. तुम्ही नवा रेशमी अंगरखा घातला होता, आजीने तुमच्यापुढे खजूर आणि भातकेकांचा मनोरा रचला होता. मी तुमच्या फोनवर कॉइन ठेवायचं एक वॉलेट उघडून दिलं आणि पहिला कॉइन भेट म्हणून टाकला. तुम्ही सगळ्या पाहुण्यांना दाखवत फिरलात, 'लेकीने दिलाय, शुभ आहे.' बाबा, मधला पत्ता त्याच वॉलेटचा आहे. जगाला तो नुसता साप दिसेल. मला तो तुमच्या साठीचा हार घातलेला दिसतो. तुम्ही दुसरा उघडला असता तर कदाचित मला एवढ्या लवकर कळलं नसतं. पण शुभ म्हणून तुम्ही तोच वापरलात.

आणि ऑफिसचं काम वगैरे खोटं आहे. तुमचा पत्ता आला त्याच दिवशी मला हे दिसलं. दिवसभर मी अनोळखी माणसांची नावं शोधून काढते आणि संध्याकाळी निवांत जेवते. ह्या एका नावावर मी दोन महिने बसून राहिले. सणाला आले नाही, कारण तुम्हाला वाकून नमस्कार करताना तुमच्याकडे कसं बघायचं ते मला कळेना. मला लाज वाटली, तुमची आणि माझीही. ते वॉलेट मीच तर उघडून दिलं.

पैसे थोडे तरी परत मिळायची शक्यता आहे. त्या कंपनीचा पैसा पुढे कुठे थांबलाय ते दिसतंय. पण पोलिसांत तक्रार ज्याचा पत्ता त्यानेच, स्वतःच्या नावाने करायला हवी. 'कुणीतरी चोरलं' असं सांगून होणार नाही.

पूजेच्या आधी सांगा बाबा. त्या बाईला तुमच्यामुळे समुद्र सोडावा लागू नये. आणि हे आजीला मला सांगायला लावू नका.

सेरिन


मुलगोत
८ मार्च

सेरिन,

दोंगचल, पाठ ताठ कर. माझ्या तोंडातून पडेल ते जसंच्या तसं लिहायचं. खोडायचं नाही.

तुझं पत्र आलं. बापाने वाचून दाखवलं. म्हणाला, तू लिहितेस की माग धुक्यात हरवला, चोर आता सापडत नाही. मी म्हटलं, बरं.

मग चार दिवसांनी बोराम बुडता बुडता वाचली. जोडीदारीण नव्हती, कारण आम्ही दिली नव्हती. पायात गोळा आला. वर येऊन तिने श्वास सोडला, तेव्हा आम्हा बायांच्या तोंडून निघते ती शीळ निघाली. प्रत्येकीची शीळ वेगळी असते. सगळ्यांनी ऐकली. कुणाची ते सगळ्यांना कळलं, आणि कळलं म्हणूनच कुणी वळलं नाही. मला ऐकू येत नाही, मी पाहिलं. एक नारिंगी भोपळा एकटाच खडकाकडे वाहत चालला होता आणि त्याच्या कडेला निळं ठिगळ होतं. ते ठिगळ मी शिवलेलं. पहिल्या वर्षी त्या पोरीला सुई धरता येत नव्हती.

मी गेले, धरलं, ओढलं. एवढी म्हातारी बाई ओढतेय म्हटल्यावर बाकीच्यांना आपले हातपाय आठवले. ती खोकून खोकून पाणी बाहेर टाकत होती आणि मला म्हणाली, 'आजी, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात, थंडी बाधेल.' तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन पोटभर पेज प्यायले असते.

घरी आले आणि दोंगचलला म्हटलं, सेरिनचं पत्र पुन्हा वाच. वाचलं. पहिल्यांदा धुकं होतं, ह्या वेळी भरती आली होती. पहिल्यांदा तू शेवटी 'काळजी घे' म्हणाली होतीस, ह्या वेळी 'जेवत जा'. कागद तोच. मला अक्षर येत नाही, पण लिहिलेलं आपणहून बदलत नाही एवढं कळतं. आणि त्याचा श्वास! मला ऐकू येत नसेल, श्वास दिसतो. पाण्यातून वर येणारीचे खांदे बघत जन्म गेला. जी बाई सगळ्यांच्या खडकावरचं शिंपलं कपड्यात लपवून वर येते, ती असाच अर्धा अर्धा श्वास घेते.

म्हटलं, तिसऱ्यांदा वाच. नाही वाचलं. तोंड झाकून बसला.

का रे थांबलास? लिही.

मग खरं पत्र वाचलं. सगळं, साठीच्या मनोऱ्यासकट. मी विचारलं, कशासाठी केलंस? म्हणाला, 'आई, दुप्पट झाले असते. शेकोटीघराचे परत ठेवले असते. उरलेल्यात भागवून मी सेरिनकडून दर महिन्याला पैसे घेणं बंद केलं असतं. ती पाठवते आणि मी धन्यवाद लिहितो. बापाने लेकीला धन्यवाद लिहायचे, दर महिन्याला.' तुझ्यापुढे मान वर करता यावी म्हणून गड्याने आमच्या सगळ्यांच्या माना खाली घातल्या.

मी विचारलं, बोरामचं नाव तू घेतलंस? म्हणाला, 'नाही आई, मी कुणाचंच नाव घेतलं नाही.' तेच तर! आम्ही घेतलं आणि तू घेऊ दिलंस. हेही लिही.

सेरिन, तू एवढ्या लांबून चोराचा माग काढत होतीस. चोराचं अक्षर पहिल्या पत्रापासून तुझ्या हातात होतं.

आणि तूही काही कमी नाहीस. तुझे गप्प बसलेले दोन महिने आणि मला ऐकू न आलेली ती मिरची मी एकाच टोपलीत ठेवते.

वाऱ्याची म्हातारी बेटावर आलीय. जाताना ती समुद्रात शंख-शिंपल्यांचं बी पेरून जाते म्हणतात, पण त्याआधी सगळ्यांना थंडीने सोलून काढते. तिची पूजा झाली की बैठकीत, कुणी तोंड उघडायच्या आधी हा उभा राहील. मी त्याच्या वतीने एक शब्द बोलणार नाही.

आजी

सेरिन, हे सगळं मीच लिहिलं. काही खोडलेलं नाही. बाबा.


सोल
१६ मार्च

बाबा, हे पत्र मोठ्याने वाचा.

आजी, टोपलीत घातलंस ते बरोबर केलंस. मी इथे धुकं-भरती काही लिहिलं नव्हतं, पण लिहायला उशीर केला, आणि त्या दिवसांत ती पाण्यात एकटी होती. मी कधी न पाहिलेल्या बाईला आपल्या घराने जवळजवळ बुडवलं.

तक्रारीला लागतील ते सगळे माग मी छापून पाठवलेत. त्यावर नाव तेवढं रिकामं ठेवलंय. बाबा, ते तुम्ही तुमच्या हाताने लिहा.

बैठकीचं कळवा. जे झालं असेल तेच कळवा.

सेरिन


मुलगोत
२ एप्रिल

सेरिन,

अक्षर बदललंय ना? घाबरू नकोस, तुझा बाप जिवंत आहे. तो लेखणी घेऊन बसला होता, मी म्हटलं, तू पुष्कळ लिहिलंस, आता संत्र्यांच्या झाडांना पाणी घाल. हे बोराम लिहितेय.

बैठकीत तो उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला. यांगची म्हातारी म्हणाली, 'आम्ही पाण्याखाली दोन मिनिटं श्वास धरला तर लोक फोटो काढतात. तू अख्खा हिवाळा धरलास दोंगचल. खरं तर बुड्या मारायला तूच यायला हवं होतंस.' एरवी हसून लोळलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तो बिचारा कुणीतरी हसेल म्हणून वाट बघत उभा होता, हे मला बघवलं नाही. पण मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो शहरात जाऊन स्वतःच्या नावाने तक्रार देऊन आला. पोलीस म्हणाला, थोडे मिळतील किंवा काही मिळणार नाही. ह्या हिवाळ्याच्या आमच्या सगळ्या संत्र्यांचे पैसे शेकोटीघराला. आणि तुझे महिन्याचे पैसे तो अजून घेणार आहे. धन्यवादही लिहिणार आहे. मी सांगितलंय, लाज वाटली तरी लिही, लाजेने कुणी मेलेलं मी पाहिलेलं नाही.

पण त्याचं झालं, तो बोलून मोकळा झाला. आमचं काय? त्याने एकदाच केलं, आम्ही रोज सकाळी करत होतो. बोरामला काढायचा विषय बैठकीत कुणी काढलाच नाही, जणू तो कधी नव्हताच. आणि मग बायांनी काय केलं माहीत आहे? दुसऱ्या दिवसापासून बोरामच्या दारात किमचीचे डबे. मुळ्याची, कांदापातीची, कोबीची. उजाडायच्या आधी ठेवायचे आणि पळायचं. नाव नाही, गाव नाही. माझ्या मनात आलं, बघा, ह्यांनाही कॉइनसारखंच हवंय. द्यायचं तर आहे, पण कुणी दिलं ते कळायला नको.

बोरामने किमची मडक्यात काढून घेतली, सगळे डबे धुतले आणि ज्याचे त्याच्या दारात नेऊन ठेवले. झाकणाच्या गाठीवरून, लसणाच्या वासावरून तिने बरोबर ओळखलं. एक डबा चुकला नाही. आणि सगळे रिकामे. तुला ठाऊक आहे, इथे कुणी कुणाचा डबा रिकामा परत देत नाही. एखादं संत्रं तरी घालतात. यांगची म्हातारी रिकामा डबा मांडीवर घेऊन ओसरीवर बसून होती, तिला हाक मारली तरी कळेना.

मी डबा ठेवला नाही. दिवसाढवळ्या तिच्या कुंपणाशी गेले आणि म्हटलं, 'मिरची कमी पडलीय.' किमचीचे दिवस केव्हाच संपलेत. ती म्हणाली, 'म्हणजे तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं.' म्हटलं, 'आलं होतं.' ती आत गेली, पिशवीभर मिरची आणून माझ्या हातात दिली आणि दार लावलं.

आज मी पुन्हा गेले. विचारलं, माझं पत्र लिहून देशील? म्हणाली, 'तुम्ही बोलाल तेच लिहीन, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.' म्हटलं, म्हणूनच आले.

आता बोराम, पुढचं नीट लिही. मला, म्हणजे दोंगचलच्या आईला, लाज वाटते. चोर माझ्या घरात जेवत होता म्हणून नाही, तो माझाच आहे, त्याचं मी बघीन. लाज वाटते ती ह्याची की मी ज्या पोरीला सुई धरायला शिकवलं, तिचं ठिगळ मला लांबून ओळखू आलं आणि ती मात्र ओळखू आली नाही. लिहिलंस? उद्यापासून पाण्यात तिची जोडीदारीण मी. तिला चालणार असेल तर. हे 'चालणार असेल तर' खोडू नकोस.

आजी

सेरिन ताई, मी बोराम. मी अजून कुणाला माफ केलेलं नाही आणि हे मी आजींना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, 'तेही लिही.' मग म्हणाल्या, सगळं वाचून दाखव. मी त्यांच्या उजव्या कानाशी ओरडून वाचलं. म्हणाल्या, पुन्हा वाच. माझ्या खांद्यांकडे बघत बसल्या होत्या. मी पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा सारखंच होतं.